रक्त कमी आहे म्हणजे नक्की काय?

पुरुषोत्तमनगरहून आम्ही बचतगटाच्या मैत्रिणी बोलतोय. चूल पेटली असेल तर पेटू द्या, भाकरी थापता थापता ऐका.

आपल्यात काही वाक्यं रोजची आहेत. "अंगात जीवच नाही." "हंडा उचलला की धाप लागते." "बसून उठलं की डोळ्यांपुढे अंधारी येते." एकीनं सांगितलं की दुसरी म्हणते, "माझंही तसंच गं." आणि विषय तिथंच मिटतो. दोघींचं सारखंच असलं की ते दुखणं वाटतच नाही. आम्हीही तसंच समजत होतो. मग एकदा गटाच्या बैठकीला उपकेंद्राच्या सिस्टर तपासणीचं सामान घेऊन आल्या. बोट पुढे करायला कुणी तयार होईना. शेवटी आमच्यातली सगळ्यात म्हातारी आजी म्हणाली, "काट्यानं रोज टोचतं, सुईला काय भ्यायचं?" मग सगळ्या टोचून घ्यायला बसल्या. बारा भरलेल्या बाया एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच निघाल्या.

बारा कशाचे? आपल्या रक्ताला तांबडा रंग देणारं हिमोग्लोबिन असतं. श्वासातला प्राणवायू अंगभर पोचवायचं काम त्याचं. ते मोठ्या बाईच्या शंभर मिलिलिटर रक्तात निदान १२ ग्रॅम हवं, गरोदर बाईचं ११. त्याखाली गेलं की ॲनिमिया, म्हणजेच पांडुरोग. गरोदर बाईचं ७ च्याही खाली गेलं तर बाळंतपणात थोडा रक्तस्राव झाला तरी जिवावर बेतू शकतं.

हे फक्त आपल्या गल्लीतलं नाही. २०१९ ते २०२१ या काळात राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी झाली. तिच्यात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या शंभर बायांमागे ५४ जणींना ॲनिमिया निघाला. त्याआधीच्या पाहणीत हा आकडा ४८ होता, म्हणजे कमी व्हायचा तो वाढला. देशभरात बायांमध्ये ५७ आणि पुरुषांमध्ये २५. एकाच चुलीवरचं खाऊन हा फरक का पडतो?

पहिलं कारण दर महिन्याचं. पाळीत रक्त जातं, त्याबरोबर लोह जातं. बाळंतपणात आणखी जातं, आणि दोन मुलांत अंतर नसेल तर भरून यायला वेळच मिळत नाही. पुरुषाला हा खर्च नाही. पाळीत फार अंगावर जात असेल, आठ-आठ दिवस थांबत नसेल, तर ते लाजेनं लपवू नका, डॉक्टरांना सांगा.

दुसरं कारण ताटातलं. आपली बाई सगळ्यांना वाढून मग जेवते. तोवर भाजीच्या कढईत रस्सा उरतो, डाळीत पाणी. भाकरी आणि मिरचीचा ठेचा खाऊन ती हात धुते. गव्हाणीत पहिली मोळी पडली की तोडीवरच्या बाया पहाटेच्या अंधारात कोपीतून निघतात. दिवसभर मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून वाहायच्या, आणि पोटात काय, तर सकाळचा चहा आणि कालची भाकरी. आमच्यातल्या दोघी-तिघींनी ही कामं केली आहेत, म्हणून सांगतो.

आणि चहा! यावर आमच्यात भांडण झालं, कारण चहा कुणालाच सोडायचा नाही. सोडू नका. पण जेवणाला लागून पिऊ नका. भाकरी-भाजीतलं लोह चहा अंगी लागू देत नाही. जेवणाआधी आणि नंतर तासभर थांबलं तरी पुष्कळ. उलट लिंबू, आवळा, चिंच, कच्चा कांदा-टमाटा असं आंबट-ताजं जेवणात असलं की लोह चांगलं लागतं. तांदुळजा, मेथी, अंबाडी, शेवग्याचा पाला, बाजरी, मटकी, तीळ हे सगळं आपल्या शिवारातलंच आहे. खाणाऱ्यांनी अंडी, मासे, कलेजी खावी, त्यातलं लोह अधिक सहज लागतं. मात्र गर्भार बाईनं कलेजी जपूनच खावी. कारखान्याच्या गावात राहून सांगतो, साखरेत लोह नाही. गुळात थोडं आहे, पण गुळाच्या खड्यावर रक्त भरून येईल या भरवशावर राहू नका.

तिसरं कारण पायाखालचं. अनवाणी रानात, उघड्यावर बसायच्या जागी गेलं की आकड्यासारखा जंत पायाच्या कातडीतून आत शिरतो आणि आतड्याला चिकटून रक्त पितो. चप्पल घाला. पोरांना शाळेत, अंगणवाडीत जंताची गोळी मिळते, ती चुकवू नका.

आता लोहाच्या गोळ्या. गरोदरपणात १८० दिवस आणि बाळंतपणानंतर १८० दिवस रोज एक तांबडी गोळी, शाळेतल्या मोठ्या मुलींना आठवड्याला एक निळी. किती घरांत त्या पत्र्याच्या डब्यात पडून आहेत ते आम्हाला ठाऊक आहे. शौचाला काळं होतं म्हणून बाई घाबरते. काळं होणारच, ते लोह आहे. मळमळलं तर रात्री जेवून मग घ्या. कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेऊ नका, मध्ये दोन तास जाऊ द्या. यातल्या फॉलिक ॲसिडची गोष्ट आपल्या मुंबईचीच आहे. १९२८ साली लुसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टरीण मुंबईत आल्या. गरीब गर्भार बायांचं रक्त का आटतं हे त्या शोधत होत्या. यीस्टच्या अर्कानं या बाया सुधारतात हे त्यांनी दाखवलं. त्या अर्कात नेमकं काय होतं ते पुढं कळलं, तेच हे फॉलिक ॲसिड. पालकाच्या पानांतही ते असतं.

पण एक गोष्ट मुद्दाम मागे ठेवली होती. आमच्या गटातल्या एका ताईचं रक्त गोळ्यांनी वाढेचना. दोन वर्षं तिनं गोळ्या खाल्ल्या. थंडीत तिचे सांधे दुखत, डोळे पिवळसर दिसत. घरचे म्हणत, वात आहे. कुणी म्हणे, गोळ्या टाकूनच देत असेल. शेवटी सिकलसेलची तपासणी झाली आणि तोच निघाला. यात रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, लवकर फुटतात, बारीक नसांत अडकतात. हा खाण्यातल्या कमीमुळे होणारा आजार नाही, आईबापांकडून येतो. आपल्या सातपुड्याच्या पट्ट्यात भिल्ल, पावरा समाजात तो बराच आढळतो, इतरांतही असतो. अशा बाईनं डॉक्टरांना विचारल्याशिवाय लोहाच्या गोळ्या खायच्या नाहीत. तिला फॉलिक ॲसिड आणि वेगळं औषध लागतं. पाणी भरपूर प्यायचं, थंडीत अंग झाकायचं. ताई आता तसं करते. "दोन वर्षं मला खोटारडी म्हणत होते," एवढंच ती म्हणाली.

तिच्या मुलीचं लग्न जुळत आलं होतं. मुलीचं रक्त तपासलं, ती वाहक निघाली. वाहक म्हणजे स्वतः आजारी नाही, पण पुढच्या पिढीला देऊ शकते. नवराही वाहक असला तर प्रत्येक बाळंतपणात चारात एक शक्यता बाळाला आजार होण्याची. म्हणून ताईनं मुलाकडच्यांना तपासणी करा म्हटलं. मुलाची आई चिडली, "आमच्या रक्तात खोट काढता का?" आठ दिवस बोलणं बंद. मग मुलगा स्वतःच मोटारसायकल काढून रक्त देऊन आला. कागद अजून आलेला नाही. दोघंही वाट बघतायत, आणि त्यांच्याबरोबर आम्हीही.

तपासणीसाठी आपल्या उपकेंद्रात विचारा. सरकारी दवाखान्यात तिला पैसे पडत नाहीत. गरोदर बायांची तपासणी दर महिन्याच्या ९ तारखेला असते. आमच्यातल्या दोघी जाणार आहेत, सोबत हवी असेल तर निरोप द्या.