जुनं टेबल आणि माशांची टाकी



आमच्या बचत गटाच्या बैठकीत हिशोब संपला की घरच्या गोष्टी निघतात. तारापूर असो, चिंचणी असो की बोईसर, बऱ्याच घरांत मुलांचा एक हट्ट असतो : माशांची टाकी हवी. टाकी येते, मासे येतात, पण वेगळ्या स्टँडला पैसे उरत नाहीत. मग सासूबाईंच्या वेळचं टेबल, नाहीतर टीव्ही भिंतीवर गेल्यामुळे रिकामं झालेलं कपाट पुढे ओढलं जातं. त्यात वाईट काहीच नाही. पण टाकी ठेवण्याआधी त्या फर्निचरला थोडी मजबुती द्यावी लागते. ती कशी, ते आज बोलूया.

आधी वजन बघू. २ फूट लांब, १ फूट रुंद आणि १ फूट उंच अशी टाकी आपल्याला लहानच वाटते. तिच्यात काठोकाठ भरलं तर साधारण ५६ लिटर पाणी मावतं. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. थोडी रिकामी ठेवली तरी ५० किलो पाणी झालं. त्यात काच आणि खडे धरा. सगळं मिळून ६५ ते ७० किलो, म्हणजे एक मोठं माणूसच. फरक इतकाच, की माणूस टेबलावर बसतं आणि उठतं. टाकी उठत नाही. रात्रंदिवस, वर्षानुवर्षं तो भार तिथेच असतो, आणि लाकूड हळूहळू वाकत जातं.

आता फर्निचर तपासूया. पहिली गोष्ट, ते कशाचं आहे? भुसा दाबून केलेल्या फळीचं असेल तर टाकीसाठी वापरूच नका. त्या फळीला पाणी लागलं की ती फुगते आणि स्क्रू धरत नाही. सागवान किंवा चांगलं प्लायवूड असेल तर पुढे जा. पाय आणि मागची बाजू टोकदार खिळ्याने टोचून बघा. खिळा सहज आत गेला, पोकळ आवाज आला, भुगा पडला, तर वाळवी आहे. असं लाकूड रंगाने झाकू नका.

दुसरी गोष्ट, दोन्ही हातांनी टेबल बाजूला हलवून बघा. मैत्रिणींनो, सगळ्यात महत्त्वाची परीक्षा हीच. जुनं टेबल वरच्या वजनाने क्वचितच मोडतं. ते डुगडुगतं आणि आडवं जातं. आपल्याकडे समुद्राचा खारा वारा. खिळे गंजतात, पावसाळ्यात लाकूड फुगतं, उन्हाळ्यात आकसतं, आणि सांधे ढिले होतात.

म्हणून दुरुस्ती सांध्यांपासून सुरू करा. ढिला सांधा उघडून जुना वाळलेला सरस खरवडा, नवा फेव्हिकॉल भरा आणि दोरीने घट्ट आवळून रात्रभर ठेवा. गंजलेले खिळे काढून स्टेनलेस स्टीलचे स्क्रू बसवा. आधी बारीक भोक पाडायला सांगा, नाहीतर जुनं लाकूड चिरतं. मागच्या बाजूला पूर्ण प्लायवूडची फळी मारा. ती जमत नसेल तर दोन पायांमध्ये तिरकी पट्टी द्या. या एका कामाने निम्मी डुगडुग जाते. वरची फळी लांब असेल तर तिच्या मधोमध खाली जमिनीपर्यंत एक जादा पाय द्या. शेवटी सगळ्या बाजूंना ऑइल पेंट लावा, प्लायवूडच्या कडांना तर नक्कीच.

आपल्या जिल्ह्यात आणखी एक काळजी घ्यायला हवी. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरी भागात, धुंदलवाडीच्या आसपास, भूकंपाचे धक्के बसत आले. लोकांनी थंडीत घराबाहेर तंबूत रात्री काढल्या. धक्का बसला की टाकीतलं पाणी हिंदकळतं आणि टेबलाला आडवं ढकलतं. घरात रांगतं मूल असेल तर ते टेबल धरूनच उभं राहायला बघतं. म्हणून टेबल किंवा कपाट वरच्या बाजूला लोखंडी कोनपट्टीने भिंतीला पक्कं करा. भिंत मातीची किंवा भुसभुशीत असेल तर उंच कपाट नकोच, बुटकं आणि रुंद टेबल निवडा. जुन्या घरात लाकडी माळ्यावर टाकी ठेवू नका, खालच्या जमिनीवरच ठेवा.

मासे आणण्याआधी परीक्षा घ्या. तांदळाच्या २५ किलोच्या ३ गोण्या त्या टेबलावर दोन दिवस ठेवा. फळीच्या कडेला दोरा ताणून धरा. मध्ये फट दिसली तर फळी वाकली आहे, आधार वाढवा. मग टाकी ठेवून दोन बोटं पाणी ओता आणि चारही कोपऱ्यांत पट्टीने मोजा. पाणी कमीजास्त दिसलं तर टेबलाच्या पायाखाली पातळ पट्टी सरकवा, टाकीच्या एका कोपऱ्याखाली कधीच नको, काच तडकते. टाकीचा तळ नुसत्या काचेचा असेल तर खाली थर्माकोल अंथरा.

आणि वायर. पंपाची वायर बोर्डाच्या खाली लोंबती ठेवून मग वर सॉकेटमध्ये घाला, म्हणजे ओघळणारं पाणी खालीच ठिबकेल. पाण्यात हात घालण्याआधी बटण बंद.

आमच्या गटातल्या बायकांना बऱ्याचदा ऐकायला मिळतं, "ताई, काही होत नाही, ठेवा बिनधास्त." असं कुणी म्हणालं तर वजन किती ते सांगा, आणि टेबल हलवून दाखवायला सांगा. घर आपलं, पोरं आपली, तर हे विचारायचा हक्कही आपलाच. सुताराची एक दिवसाची मजुरी आणि थोडे स्क्रू एवढ्यात जुनं टेबल पुन्हा कामाला येतं. ते हललं नाही, तर पोरांना खुशाल मासे आणू द्या.