जुने वार्षिकांक



ग्रंथसंग्रह म्हटला की पोथ्या आणि नियतकालिकांच्या जुन्या फायली डोळ्यांपुढे येतात. क्रिकेटच्या वार्षिकांकांचे पान त्या पंक्तीत मांडावे काय, असे आम्हांस पुष्कळदा विचारले जाते. आमच्या मते अवश्य मांडावे.

जॉन विस्डेन या गोलंदाजाने १८६४ साली एक शिलिंग किमतीचे, ११२ पानांचे क्रिकेटचे पंचांग काढले. त्यात क्रिकेट होतेच. परंतु धर्मयुद्धांच्या तारखा, कालव्यांची लांबी आणि पहिल्या चार्ल्स राजावरील खटला यांचीही वर्णी लागली होती! वर्ष सरल्यावर असले कागदी वेष्टनाचे चोपडे कोण जपणार? म्हणूनच ते आज दुर्मिळ. १८७५ ची आवृत्ती तर विशेष दुष्प्राप्य. कापडी बांधणीच्या प्रती १८९६ पासून मिळू लागल्या. १९१६ चा अंक महायुद्धामुळे सामन्यांच्या दृष्टीने रिताच, पण डब्ल्यू. जी. ग्रेस आणि व्हिक्टर ट्रंपर यांचे मृत्युलेख त्यात आहेत, आणि संग्राहक त्यासाठीच तो शोधीत असतात. पहिल्या पंधरा अंकांची प्रतिमुद्रणे निघाली आहेत. वाचावयास ती उत्तम. मूळ प्रत समजून मात्र घेऊ नयेत.

आपल्याकडे मद्रासच्या 'हिंदू' पत्राच्या प्रकाशकांनी १९४६-४७ च्या हंगामापासून 'इंडियन क्रिकेट' हा वार्षिकांक चालविला. डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यास भाऊसाहेब निंबाळकर काठेवाडविरुद्ध नाबाद ४४३ वर होते. ब्रॅडमनच्या ४५२ ला नऊच धावा कमी असताना प्रतिपक्षाने सामना सोडला! ही हकीकत अनेकांना तोंडपाठ आहे. त्या हंगामाचा अंक घरी असलेला मनुष्य मात्र विरळा.

आता मुद्द्याचे. आपल्या ग्रंथालयातील असे अंक नव्या बांधणीस देण्याचे घाटत आहे. बांधणावळ करणारा प्रथम वेष्टन फाडतो, मग जाहिरातींची पाने काढतो आणि शेवटी कडा कापतो. संग्राहकाच्या लेखी अर्धे मोल तेथेच गेले. वेष्टने आत शिवावी, कडांना हात लावू नये, एवढी आमची कार्यकारिणीस विनंती. आमच्या प्रती बदलीच्या गावोगाव ट्रंकेतून हिंडल्या. कसर लागू नये म्हणून वेखंडाची पुरचुंडी पुरली.

सेवानिवृत्तीनंतर हा संच मंडळास द्यावा असे मनात आहे. ग्रंथालयातील भिंतीची ओल तेवढी काढविली, तर यादी आम्ही पुढील आठवड्यातच चिटणिसांच्या हाती देऊ.