एका कान्याचा फरक

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त महिला मंडळाने हॉलमध्ये ठेवलेल्या आरोग्यविषयक कार्यक्रमात आपल्याच सोसायटीतील ज्येष्ठ सभासद व स्त्रीरोगतज्ज्ञ डॉक्टरांनी केलेले हे भाषण. अनेकांच्या आग्रहावरून येथे देत आहोत. – संपादक मंडळ)



आधी पुरुषांना एक विनंती. विषय बायकांचा आहे म्हणून हळूच सटकू नका. मी जे शब्द सांगणार आहे, त्यातला एखादा तुमच्या बायकोच्या, मुलीच्या किंवा सुनेच्या फाइलमध्ये असणारच. आणि हॉस्पिटलच्या बाकावर ती फाइल मांडीवर घेऊन तुम्हीच बसलेले असता.

पंचवीस वर्षांपूर्वी आपण इथे राहायला आलो तेव्हा लिफ्ट चालू झाली नव्हती. पहिल्याच पावसाळ्यात चौथ्या मजल्यावरच्या एकीला कळा सुरू झाल्या आणि तिला खुर्चीत बसवून चौघांनी खाली आणलं, हे जुन्या मंडळींना आठवत असेल. त्या वेळी पोटात असलेलं ते बाळ आज पंचविशीत आहे. म्हणजे आता पुढच्या पिढीची बाळंतपणं यायची वेळ झाली. तेव्हाच्या आणि आताच्या काळात एक मोठा फरक आहे. आता रिपोर्ट मोबाइलवर येतो आणि डॉक्टरांनी बघायच्या आधी घरच्या ग्रुपवर जातो. शब्द समजायच्या आधीच सगळ्यांनी त्याचा अर्थ लावलेला असतो.

यामुळे काय होतं, ते सांगते. ही गोष्ट आपल्या सोसायटीतली नाही, त्यामुळे कोण असेल म्हणून शोधत बसू नका. बऱ्याच वर्षांपूर्वी एक मुलगी सासूबाईंबरोबर माझ्याकडे आली. आली म्हणजे तिला आणली होती. सासूबाईंनी दुसऱ्या हॉस्पिटलचं डिस्चार्ज कार्ड टेबलावर ठेवलं आणि म्हणाल्या, "बाई, तुम्हीच वाचा. आम्हाला न विचारता हिनं पाडलं." कार्डावर लिहिलं होतं, 'मिस्ड अबॉर्शन'. शेजारच्या कुणीतरी त्यांना 'अबॉर्शन' एवढा शब्द वाचून दाखवला होता. मुलगी मान खाली घालून बसली होती. तिचं बाळ जाऊन दहा दिवस झाले होते आणि ते दहाही दिवस घरात तिच्याशी कुणी धड बोललं नव्हतं.

मी म्हटलं, "आई, हिनं काही पाडलेलं नाही. पडलंय."

बघा, मराठीत हा एका कान्याचा फरक आहे. 'पडणं' वेगळं, 'पाडणं' वेगळं. आपल्या आज्या हा फरक नीट करायच्या. पण डॉक्टरी भाषेत बाळ बाहेर जगू शकेल त्याच्या आधी गर्भ गेला, की तो आपोआप जावो नाहीतर औषधानं, दोन्हीला जुना शब्द 'अबॉर्शन' हाच आहे. आपला पुस्तकी 'गर्भपात'सुद्धा दोन्हीकडे चालतो. आता पुष्कळ डॉक्टर आपोआप गेलेल्या गर्भाला 'मिसकॅरेज' म्हणतात, पण कागदावर जुना शब्द अजून येतो. 'मिस्ड अबॉर्शन' म्हणजे गर्भाची वाढ आणि ठोके थांबलेत, पण शरीराला अजून ते कळलेलं नाही. रक्त नाही, दुखणं नाही. सोनोग्राफीतच कळतं. 'थ्रेटन्ड अबॉर्शन' म्हणजे थोडं रक्त दिसलंय, पण गर्भ जागेवर आहे. अशा पुष्कळ जणींची बाळंतपणं पुढे व्यवस्थित होतात. 'इनकम्प्लीट' म्हणजे काही भाग आत राहिलाय. मग पिशवी साफ करावी लागू शकते, त्याला आपण क्युरेटिंग म्हणतो. 'क्युरेटिंग केलं' म्हणजे 'पाडलं' असंही समजू नका.

फाइलवर आणखी एक कोडं असतं. जी २, पी १, ए १ असं काहीतरी. जी म्हणजे एकूण किती वेळा दिवस गेले, पी म्हणजे किती बाळंतपणं झाली आणि ए म्हणजे किती वेळा गर्भ गेला. तो 'ए' फक्त आकडा मोजतो. दोष कुणाचा, हे तो सांगत नाही.

आणि दोष कुणाचा नसतोच बहुतेक वेळा. दिवस गेल्याचं कळल्यानंतर साधारण शंभरातली दहा ते पंधरा गरोदरपणं अशी संपतात. पहिल्या तीन महिन्यांत जाणाऱ्या गर्भांपैकी निम्म्याच्या आसपास गर्भांत गुणसूत्रांचा दोष असतो, म्हणजे ते वाढणारच नव्हते. पपई खाल्ली, स्कूटरवर बसली, बादली उचलली, ग्रहणात सुरी हातात घेतली, यानं गर्भ जात नाही. हे मी त्या सासूबाईंना सांगितलं. त्या बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "माझंही पहिलं असंच गेलं होतं. मलाही सगळे बोलले होते." आणि सुनेच्या पाठीवर हात ठेवला. दहा दिवसांत ती पोरगी पहिल्यांदा रडली.

दुसरा घोटाळा आठवड्यांचा. एक तरुण जहाजावर नोकरीला. सुट्टीवर घरी येऊन त्याला सहा आठवडे झाले होते आणि बायकोच्या रिपोर्टात लिहिलं होतं, 'आठ आठवडे'. तो एकटाच मला भेटायला आला. चेहरा असा, की मला प्रश्न आधीच कळला. अहो, गरोदरपण मोजतात ते शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून. फाइलवर 'एलएमपी' लिहिलेलं असतं ते तेच. बीज सुटतं त्यानंतर साधारण दोन आठवड्यांनी. म्हणजे कागदावरचे पहिले दोन आठवडे पोटात काहीच नसतं! सहा अधिक दोन, आठ. हिशोब चोख होता. हे त्यानं विचारलं म्हणून संसार वाचला. न विचारता मनात ठेवलं असतं तर?

तीच गोष्ट तारखेची. 'ईडीडी' म्हणजे बाळंतपणाची अंदाजे तारीख. शेवटच्या पाळीपासून २८० दिवस, म्हणजे नऊ महिने सात दिवस. आपण म्हणतो नऊ महिने नऊ दिवस. ती रेल्वेच्या रिझर्वेशनची तारीख नव्हे. नेमकी त्या दिवशी येणारी बाळं शंभरात चार-पाचच असतात. ३७ आठवडे पूर्ण झाले की पुढे कधीही. तारीख उलटली म्हणून रोज चार फोन करून त्या मुलीला भंडावू नका. मात्र पुढे किती थांबायचं ते डॉक्टर ठरवतील.

आता घाबरवणारे, पण बहुधा साधे निघणारे शब्द सांगते. पाचव्या महिन्यात 'वार खाली आहे' असं आलं, तर बहुतेक वेळा पिशवी वाढते तशी वार वर सरकते. शेवटच्या महिन्यांत पुन्हा सोनोग्राफी करून बघायचं आणि मध्ये रक्त दिसलं तर लगेच दवाखाना गाठायचा. 'ब्रीच' म्हणजे बाळ पायाळू. सातव्या महिन्यात पायाळू असलेली बहुतेक बाळं पुढे आपोआप फिरतात. 'गळ्याभोवती नाळ' हे चार-पाच बाळांमागे एकाच्या रिपोर्टात येतं आणि त्यातली बहुतेक सुखरूप जन्मतात. 'रेट्रोव्हर्टेड युटेरस' म्हणजे पिशवी मागे कललेली. कुणाचं नाक जसं थोडं वाकडं, तसं. 'फायब्रॉइड' म्हणजे पिशवीतली गाठ, आणि ती कॅन्सर असणं फार दुर्मीळ.

'आरएच निगेटिव्ह' म्हणजे रक्तात खोट नव्हे. बाळाचं रक्त पॉझिटिव्ह असेल तर पुढच्या बाळाला त्रास होऊ नये म्हणून आईला अँटी-डी नावाचं इंजेक्शन बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत द्यायचं असतं. गर्भ गेला तरी ते लागतं का, हे विचारा. घाईगडबडीत हे राहून जातं.

आणि उलटे शब्दही असतात. ऐकायला साधे, पण आत धोका. 'गरोदरपणात सूज येतेच' हे त्यातलं एक. पायावर थोडी सूज येते, खरं आहे. पण पाचव्या महिन्यानंतर सुजेबरोबर डोकं ठणकतंय, डोळ्यांसमोर अंधारी येतेय, पोटाच्या वरच्या भागात दुखतंय, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी निघा. बीपी १४० / ९० किंवा त्याच्या वर असेल तर हा प्रीएक्लॅम्प्सिया असू शकतो. त्यात आई आणि बाळ दोघंही जाऊ शकतात.

दुसरं वाक्य माझ्या वयाच्या मैत्रिणींसाठी. 'अगं, माझी पाळी परत आली!' पाळी जाऊन पूर्ण एक वर्ष झालं असेल, तर ती परत येत नाही. नंतर दिसणारं रक्त, मग एक डाग का असेना, ती पाळी नव्हे. माझ्याकडे एक बाई आल्या होत्या, त्यांनी हे आठ महिने अंगावर काढलं होतं. सुनेला सांगायची लाज आणि मुलाला सांगणं तर अशक्य. निदान झालं तेव्हा पिशवीचा कॅन्सर पुढे गेलेला होता. अशा रक्तस्रावात दहातल्या नऊ जणींना कॅन्सर नसतो, हे खरं. पण आपण त्या नऊंतल्या की दहावी, हे घरी बसून कळत नाही. आणि वेळेवर आलेली दहावीसुद्धा बहुधा बरी होते.

लाजेवरून आठवलं. र. धों. कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं. हे शब्द मराठीत उघड छापले म्हणून त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. त्यांनी एवढं सोसलं, आणि शंभर वर्षांनंतरही आपण औषधाच्या दुकानात पॅड कागदात गुंडाळून घेतो आणि डॉक्टरांसमोर 'खालचं दुखतंय' म्हणतो. पिशवी, योनीमार्ग, पाळी, अंग बाहेर येणं, पांढरं जाणं, हे सगळे आपले शब्द आहेत. आपल्या आजीच्या तोंडचे असोत की पुस्तकातले, कुठलेही वापरा. पण वापरा.

शेवटी एकच मागणं. रिपोर्टात न कळणारा शब्द दिसला, तर डॉक्टरांना तीन प्रश्न विचारा. याचा साध्या मराठीत अर्थ काय? आता काय करायचं? आणि काय झालं तर लगेच यायचं? ही तीन उत्तरं फाइलच्या मागच्या पानावर लिहून ठेवा. आणि उत्तर मिळेपर्यंत घरातल्या बाईवर ना शंका घ्या, ना तिला बोल लावा.

माझा फ्लॅट सगळ्यांना माहीत आहे. प्रॅक्टिस बंद केली असली तरी दार उघडं आहे. फाइल घेऊन या, चहा मी देईन.