भर हंगामांत खेळाडूंची खरेदी

फुटबॉलचा सामना दीड तासांत संपतो. पण लीगची स्पर्धा कित्येक महिने चालते. इंग्लंडांत ती शरद ऋतूच्या आरंभीं सुरू होते आणि फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास कोणता संघ वर राहणार व कोणता तळाशीं जाणार ह्याचा रंग दिसूं लागतो. अशा वेळीं बुडूं लागलेल्या संघानें पैशाची थैली मोकळी करून दुसऱ्या संघांतील नामांकित खेळाडू उचलून आणला, तर तें चातुर्य म्हणावें कीं अन्याय? हा प्रश्न सन १९०५ मध्यें इंग्लंडांत मोठ्या तीव्रतेनें पुढें आला.

तेथील फुटबॉल असोसिएशननें १८८५ सालीं पैसे घेऊन खेळण्यास मान्यता दिली होती. खेळाडूंना दर आठवड्यास पगार द्यावयाचा तर दर आठवड्यास प्रेक्षकही हवेत, आणि ठरलेल्या सामन्यांवांचून प्रेक्षक कोठून येणार? ह्या अडचणींतून ॲस्टन व्हिला क्लबचे विल्यम मॅकग्रेगर ह्यांच्या पुढाकारानें १८८८ सालीं फुटबॉल लीग जन्मास आली. आपल्याकडे सिमल्यास ड्युरँड चषकाची स्पर्धा सुरू झाली तीही त्याच वर्षीं. लीगमध्यें आरंभीं १२ क्लब होते. १८९२ सालीं दुसरा वर्ग निघाला आणि १८९८ सालीं एकूण संख्या ३६ वर गेली. त्याच सुमारास असाही नियम झाला कीं, पहिल्या वर्गांतील शेवटचे दोन क्लब खालीं उतरवावे व दुसऱ्या वर्गांतील पहिले दोन वर घ्यावे. खालीं उतरणें ही नुसती मानहानि नव्हती. मोठ्या क्लबांशीं होणारे सामने गेले म्हणजे दारावरचें उत्पन्न आटतें. पगार मात्र चालूच राहतात.

खेळाडूची स्थिति मात्र फारशी स्वतंत्र नव्हती. १८९३ पासून असा निर्बंध होता कीं, एकदां नांव नोंदलें गेलें म्हणजे करार संपल्यावरही जुन्या क्लबच्या संमतीवांचून लीगमधील दुसऱ्या क्लबकडे जातां येऊं नये. श्रीमंत क्लबांनीं सारे चांगले खेळाडू ओढून नेऊं नयेत, हा त्यामागील हेतु. पण जी संमति रोखून धरतां येते ती विकतांही येते, आणि क्लब ती विकूं लागले. शिवाय १९०१ पासून पगाराची कमाल मर्यादा आठवड्यास ४ पौंड ठरली होती. खेळाडूच्या गुणांची किंमत वाढत गेली, तरी ती त्याच्या खिशांत न पडतां क्लबच्या तिजोरींत पडे.

टीज नदीकांठचें मिडल्सबरो हें लोखंडाच्या कारखान्यांचें गांव. तेथील क्लब १९०२ सालीं पहिल्या वर्गांत चढला. परंतु १९०४-०५ च्या हंगामांत त्याची घसरगुंडी सुरू झाली. जवळजवळ दोन वर्षें परक्या मैदानावर त्याला लीगचा एकही सामना जिंकतां आला नव्हता. तेव्हां फेब्रुवारी १९०५ मध्यें चालकांनीं शेजारच्या संडरलंड क्लबकडून ॲल्फ कॉमन हा २४ वर्षांचा, बळकट बांध्याचा आघाडीचा खेळाडू १,००० पौंड देऊन आणला. एका खेळाडूसाठीं एवढी रक्कम पूर्वीं कोणींही मोजली नव्हती. कमाल पगाराच्या हिशेबानें ती जवळजवळ पांच वर्षांची कमाई होय! वृत्तपत्रांतून टीकेची झोड उठली. माणसांचा हा बाजार खेळाला शोभतो काय, असें कित्येकांनीं विचारलें.

मैदानावरचें उत्तर लागलीच मिळालें. २५ फेब्रुवारी रोजीं शेफील्ड युनायटेडच्या मैदानावर मिडल्सबरोनें १-० असा विजय मिळविला, आणि तो एकमेव गोल पेनल्टी किकवर कॉमननेंच केला. हंगामाअखेर १८ क्लबांत मिडल्सबरोचा क्रमांक १५ वा लागला. क्लब वांचला व हजार पौंड सार्थकीं लागले, असें सर्वांस वाटलें.

परंतु ह्या कथेचा खरा विनोद पुढेंच आहे. त्याच उन्हाळ्यांत लीगनें आपला विस्तार करून दोन्ही वर्गांत प्रत्येकीं २० क्लब ठेवण्याचें ठरविलें. जागा वाढल्यामुळें तळाशीं राहिलेले बरी व नॉट्स काउंटी हे क्लब पहिल्या वर्गांतच राहिले आणि दुसऱ्या वर्गांतून दोन क्लब वर आले. म्हणजे त्या वर्षीं खालीं कोणीच उतरलें नाहीं. मिडल्सबरो अगदीं शेवटचा आला असता तरी त्यालाही हीच सवलत मिळण्याचा संभव होता. ज्या भयापोटीं खरेदी झाली तें भय विस्तारानेंच नाहींसें केलें.

तरीही ती रीत सर्वस्वीं वेडगळ होती असें म्हणतां येत नाहीं. पुढच्याच हंगामांत, मार्च १९०६ मध्यें, मिडल्सबरोनें डर्बी काउंटीचा विख्यात गोलवीर स्टीव्ह ब्लूमर ह्यास ७५० पौंडांस आणलें. ह्या वेळीं मिडल्सबरो व नॉटिंगहॅम फॉरेस्ट ह्या दोघांचे गुण समान, प्रत्येकीं ३१, झाले. केलेल्या गोलांस अंगावर झालेल्या गोलांनीं भागून निकाल लावण्यांत आला. फॉरेस्ट खालीं गेला आणि मिडल्सबरो राहिला. नॉटिंगहॅमच्या रसिकांच्या जागीं स्वतःस कल्पून पाहिलें म्हणजे अन्यायाचा प्रश्न किती खरा होता हें ध्यानांत येईल. हंगामाच्या आरंभीं ज्यांच्याशीं स्पर्धा लावली, त्यांच्यांतच शेवटच्या आठवड्यांत नवा भिडू येऊन उभा राहिला होता.

उपाय दोन प्रकारें झाले. प्रथम १९०८ सालीं असोसिएशननें बदलीच्या रकमेस ३५० पौंडांची मर्यादा घातली. पण ती टिकली नाहीं, कांहीं महिन्यांतच रद्द करावी लागली. मग १९११ सालीं लीगनें दुसरा मार्ग धरला. मार्चमधील ठराविक दिवसानंतर खेळाडूंच्या बदल्या रोखण्यांत आल्या. किंमतीस घातलेला बांध फुटला. वेळेस घातलेला बांध टिकला.

खेळाडूंच्या गाऱ्हाण्यास मात्र फार काळ थांबावें लागलें. १९०७ सालीं त्यांनीं आपला संघ स्थापिला. पगाराची कमाल मर्यादा १९६१ सालीं सुटली. करार संपल्यावरही खेळाडूस अडकवून ठेवणें अयुक्त आहे, असा निर्णय न्यायालयानें जॉर्ज ईस्टहॅमच्या खटल्यांत १९६३ सालीं दिला. २००२-०३ पासून तर बदल्यांसाठीं उन्हाळ्याची व जानेवारीची अशा दोनच मुदती राहिल्या.

विस्ताराचें हें कोडें आजही संपलेलें नाहीं. अमेरिकेंतील मेजर लीग सॉकर १९९६ सालीं १० क्लबांनिशीं सुरू झाली; २०२५ सालीं तिच्यांत ३० क्लब झाले. तिच्या चालू हंगामांत, जुलै २०२३ मध्यें, लिओनेल मेस्सी इंटर मायामी क्लबांत आला तेव्हां तो क्लब आपल्या गटांत तळाशीं होता. मेस्सीसह त्यानें लीग्ज कप जिंकला. पण मुख्य लीगच्या अंतिम फेऱ्यांत त्याला जागा मिळाली नाहीं. हंगामाचे गेलेले गुण एकटा माणूस परत आणूं शकत नाहीं. त्या लीगमध्यें खालीं उतरण्याची शिक्षा नाहीं, म्हणून तेथील खरेदीमागें भयापेक्षां आशा अधिक असते.

क्लबला गरज पडेल तेव्हां माणूस हवा असतो, प्रतिस्पर्ध्यास समान अटी हव्या असतात आणि खेळाडूस आपल्या गुणांचा मोबदला व हवें तेथें जाण्याची मोकळीक हवी असते. ह्या तिन्ही मागण्या रास्त आहेत. १९०५ सालीं पहिल्या मागणीचाच तेवढा विचार झाला. दुसरीची सोय नियमानें लौकर केली. तिसरीस न्यायालयापर्यंत जावें लागलें.