देऊन टाकलेला अंगरखा



पानिपत म्हटले की आपले मन थेट 14 जानेवारी 1761 या दिवसाकडे धाव घेते. दिल्लीला गेलेला मराठी माणूस सवड काढून काला आंबचे स्मारक पाहावयास जातो, तेथे क्षणभर स्तब्ध उभा राहतो, आणि परततो. पानिपत शहर मात्र पाहावयाचे राहूनच जाते. आज मला त्या राहून गेलेल्या शहराविषयी बोलावयाचे आहे. माझा विषय ख्रिस्ती श्रद्धा आणि सृष्टीविषयीची जबाबदारी हा आहे. त्याचा पानिपताशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध आहे तो जुन्या कोटांचा.

यूरोप-अमेरिकेत लोकांनी नकोसे म्हणून दिलेले लोकरी कपडे गासड्या बांधून जहाजांनी कांडला बंदरात उतरतात आणि तेथून पानिपतास येतात. इथल्या बाजारात ते कपडे म्हणून विकले जाऊ नयेत यासाठी अशा चिंध्या फाडूनच आत आणाव्यात असा सरकारी दंडक आहे. पानिपतच्या गोदामांत बाया या ढिगांसमोर बसतात. गुंड्या, चेनी, अस्तरे काढून टाकतात, धारदार पात्याने कपड्याचे तुकडे करतात. मग रंगवार ढीग लागतात: तांबड्यात तांबडे, निळ्यात निळे. हे तुकडे यंत्रात पिंजले जातात, त्यांचे पुन्हा सूत होते आणि त्या सुताची कांबळी विणली जातात. रंग आधीच निवडलेला असल्यामुळे बहुतेक सुताला नव्याने रंग द्यावा लागत नाही. ही विद्या मूळची यॉर्कशरची. 1813 मध्ये बॅटली गावच्या बेंजामिन लॉ याने ती काढली. पुढे इटलीतील प्राटो शहराने ती उचलली, आणि आता तिची राजधानी पानिपत आहे.

यात निंदा करण्यासारखे काय आहे? वस्तुतः पुष्कळसे स्तुत्यच आहे. एका अंगावरून उतरलेली लोकर मातीत न जाता दुसऱ्या अंगावर जाते, आणि नवी लोकर, नवा रंग, नवे पाणी यांची बचत होते. भूकंप किंवा पूर झाला की साहाय्यक संस्था जी स्वस्त कांबळी वाटतात, त्यांतली कितीतरी येथलीच. परंतु या बचतीची किंमत कोण देतो तेही पाहिले पाहिजे. पिंजताना उडणारी तूस कामगारांच्या छातीत जाते. हल्लीच्या कपड्यांत लोकर थोडी आणि पॉलिएस्टर फार, म्हणजे ती तूस एका अर्थी प्लॅस्टिकचीच. शिवाय याच शहरात विरंजनाचे आणि रंगणीचे अनेक कारखाने आहेत. त्यांचे सांडपाणी नाल्यावाटे यमुनेस मिळते, आणि यमुना तशीच खाली दिल्लीकडे वाहत जाते. वरच्या अंगाच्या शहरांतून आलेल्या पाण्यात अमोनिया वाढला की वझिराबादच्या जलशुद्धीकरण केंद्राला काम कमी करावे लागते आणि राजधानीतील नळ आटतात.

2012 मध्ये मेघना गुप्ता यांनी या बायांवर 'अनरॅव्हल' नावाचा एक छोटा चित्रपट काढला. इतके धडके कपडे साहेबलोक का टाकून देतात, याविषयी त्या बाया आपसांत तर्क करतात. त्यांचा एक तर्क असा, की तिकडे पाणी फार महाग असले पाहिजे. धुणे परवडत नसेल, म्हणून बिचारे टाकून देत असतील! ऐकताना प्रथम हसू येते. ते फार वेळ टिकत नाही.

आता हे कपडे येतात कोठून? त्यांतले बरेचसे दानातून येतात. पश्चिमेकडील कित्येक धर्मादाय संस्था जुने कपडे गोळा करतात, आणि त्यांत ख्रिस्ती संस्थाही आहेत. 1882 साली मुंबईस आलेली मुक्तिफौज आपल्याला ठाऊक आहे. तिचे काम तिकडे आजही चालते. जमलेल्या कपड्यांतील चांगले ते दुकानात विकून गरिबांच्या कामी पैसा लावतात, उरलेले वजनावर व्यापाऱ्याला देतात. यात लबाडी काही नाही. मात्र पेटीत पिशवी टाकणारा मनुष्य जे समाधान घेऊन घरी जातो, त्याविषयी मला शंका आहे. मी स्वतः ख्रिस्ती आहे, म्हणून ही शंका मला माझ्या घरातूनच सुरू करावी लागते.

ज्याच्यापाशी दोन अंगरखे असतील त्याने ज्याला एकही नाही त्याला एक द्यावा, असे बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाने सांगितले. त्याच्या मनात दोन अंगरखे होते, वीस नव्हते. तूर्सच्या संत मार्टिनने कडाक्याच्या थंडीत कुडकुडणाऱ्या भिकाऱ्यासाठी तलवारीने आपला झगा कापला आणि अर्धा त्याला दिला. उरलेल्या अर्ध्यात तो स्वतः कुडकुडला असेल. असिसीचा फ्रान्सिस तर कापडाच्या व्यापाऱ्याचाच मुलगा. त्याने बिशपांसमोर अंगावरचे कपडे उतरवून बापाच्या स्वाधीन केले. या तिघांच्या देण्यात देणाऱ्याचे काही कमी होत होते. आमच्या देण्यात कपाटात नव्यासाठी जागा होते. याला दान म्हणावे की केर काढणे म्हणावे?

1967 साली लिन व्हाइट या अमेरिकन इतिहासकाराने ख्रिस्ती धर्मावर आरोप ठेवला, की सृष्टीवर मनुष्याची सत्ता आहे या शिकवणुकीनेच आजच्या विध्वंसाची मुळे रोवली. आरोप एकांगी आहे, पण निराधार नाही. सत्ता हा शब्द आम्ही मोठ्याने वाचला. उत्पत्तीच्या दुसऱ्याच अध्यायात मनुष्याला बागेत ठेवले ते तिची मशागत आणि राखण करण्यासाठी, हे मात्र हळू आवाजात वाचले. त्याच व्हाइटने फ्रान्सिसला सृष्टिरक्षकांचा आश्रयदाता संत मानावे असे सुचविले, आणि 1979 मध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांनी तसे जाहीरही केले. 2015 मध्ये पोप फ्रान्सिस यांनी 'लाउदातो सी' या परिपत्रकात वापरून फेकण्याच्या वृत्तीवर सरळ बोट ठेवले. धरित्रीचा आक्रोश आणि गरिबांचा आक्रोश त्यांनी वेगळा मानला नाही.

राखण म्हणजे काय, हे आपल्या महाराष्ट्रात वसईच्या ख्रिस्ती शेतकऱ्याला पुस्तकातून शिकावे लागले नाही. बावखलात साठलेले पावसाचे गोडे पाणी, विहिरीवरचा रहाट, त्यावर पोसलेल्या केळीच्या आणि पानवेलींच्या बागा, हे सारे त्याचे जगणेच होते. मुंबई वाढत आली, इमारती उठल्या, आणि विहिरींचे पाणी टँकरांत भरून जाऊ लागले. समुद्र जवळ, गोडे पाणी उपसले की खारे आत शिरते. तेव्हा 1980 नंतरच्या दशकाच्या अखेरीस हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली, आणि तिच्या पुढे होते फादर फ्रान्सिस दिब्रिटो. 'सुवार्ता' मासिकाचे संपादक, पुढे 2020 च्या उस्मानाबाद येथील साहित्य संमेलनाचे अध्यक्ष. 25 जुलै 2024 रोजी ते निवर्तले. धर्मगुरूने मंदिरात मिस्सा करावी, टँकर आणि बिल्डर यांच्या भानगडीत कशाला पडावे, असे म्हणणारे तेव्हा पुष्कळ होते, धमक्याही आल्या. समितीत हिंदू होते, ख्रिस्ती होते, आणि विहीर दोघांचीही खारट होत होती. सगळे वाचले असे म्हणता येत नाही. कितीतरी बावखले बुजली, त्यांवर चाळी आणि इमारती आल्या. काही राहिली, ती भांडल्यामुळे राहिली.

वसईच्या माणसाला आपली विहीर दिसत होती. पानिपतचा नाला पिशवी टाकणाऱ्याला दिसत नाही, आणि खरी अडचण तेथेच आहे. आता आपल्याही शहरांत स्वस्त कपड्यांची दुकाने गल्लोगल्ली झाली; दोनदा घालून कंटाळण्याची कला आपण उत्तम साधली आहे. नाताळच्या सुमारास आमच्या काही चर्चमधून जुने कपडे जमवितात आणि नवी कांबळी वाटतात. करड्या रंगाची, जराशी टोचणारी ती कांबळी मीही वाटली आहेत. यंदा वाटण्यापूर्वी एक उलगडून नीट पाहीन म्हणतो. करड्यात कोठे कोठे तांबडा, निळा धागा दिसतो. तो कोणाच्या तरी कोटाचा असतो.