घेवड्याच्या मुळावरच्या गाठी
(उत्सवातील भाषणाचा मजकूर)



रुळांखालच्या खडीवर बोला म्हटलं असतं तर तासभर बोललो असतो. पण मंडळाने विषय दिला शेतीचा. मी डिप्लोमावाला इंजिनिअर, शेतीतज्ज्ञ नव्हे. तेव्हा घरचीच फजिती सांगतो.

आमचं गाव सातारा जिल्ह्यात, कोरेगाव तालुक्यात. तिथला वाघ्या घेवडा आपल्यापैकी काहींनी खाल्ला असेल. दाण्यावर वाघासारखे पट्टे, म्हणून वाघ्या. आता त्याला भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. शेती थोरले बंधू बघतात. युरियाचा खर्च वाढत चाललेला, म्हणून मी त्यांना जिवाणूंचा सल्ला दिला.

हवेत 78 टक्के नायट्रोजन आहे, पण पिकाला तो तसा घेता येत नाही. कारखान्यात त्याचा अमोनिया करायला 400 ते 500 अंश तापमान आणि प्रचंड दाब लागतो. युरिया त्यातूनच होतो. रायझोबियम हा जिवाणू तेच काम कडधान्याच्या मुळावरच्या गाठीत, साध्या मातीत बसून करतो. मोबदल्यात झाड त्याला साखर पुरवतं. बायरिंक या डच शास्त्रज्ञाने 1888 साली तो गाठींतून वेगळा काढला.

एवढं वाचून मी मे महिन्यात पाकिटं घेऊन गावी गेलो आणि पत्र्याच्या शेडमध्ये ठेवून परत आलो. जूनमध्ये पेरणी झाली. फरक शून्य! दादा म्हणाले, "बंगळूरहून ही पावडर आणलीस, त्यापेक्षा दोन पोती युरिया आणला असतास." त्या वर्षी त्यांनी सोसायटीचं कर्ज काढलं होतं, त्यामुळे बोलणं फार लागलं.

नोव्हेंबरात इथल्या जीकेव्हीकेच्या कृषी मेळ्यात गेलो आणि तिथे विचारलं. उलट मलाच प्रश्न आला, पाकीट कोणत्या पिकाचं होतं? पाहिलं तर सोयाबीनचं! सोयाबीनचा जिवाणू घेवड्याला चालत नाही. मीटरगेजचा डबा ब्रॉडगेजवर चढवण्यातला प्रकार. शिवाय पाकिटात जिवंत जीव असतात, ते पत्र्याखाली भाजून निघाले. आणि दादांनी नेहमीप्रमाणे भरपूर युरिया टाकला होता. आयता नायट्रोजन मिळाला की झाड गाठी करायचा कंटाळा करतं.

पुढच्या वर्षी घेवड्याचंच पाकीट, तारीख बघून घेतलं. 10 किलो बियाण्याला 250 ग्रॅम. गूळपाणी उकळून पूर्ण गार केलं, त्यात पावडर कालवून बियाण्याला हलक्या हाताने चोळली, सावलीत सुकवून त्याच दिवशी पेरलं. दोन ओळी मुद्दाम तशाच ठेवल्या. ही माझी इंजिनिअरची खोड!

सुमारे पाच आठवड्यांनी दादांनी रोप उपटलं नाही, खुरप्याने मातीसकट काढलं, नाहीतर गाठी तुटून मातीत राहतात. नखाने गाठ फोडली तर आत गुलाबी. आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनसारखंच द्रव्य तिथे असतं. गुलाबी म्हणजे काम चालू. पांढरी किंवा हिरवट असेल तर नाही. न चोळलेल्या ओळींत गाठी थोड्याच, त्याही बारीक.

चमत्कार झाला असं मी म्हणणार नाही. कडधान्यांत घेवडा या बाबतीत जरा आळशीच, त्याला थोडं खत द्यावंच लागतं. पण त्या हंगामात युरिया कमी टाकूनही शेंगा नीट भरल्या आणि दादांचा राग गेला.

यंदा फोन त्यांचाच आला. "येताना पाकीट आण. घेवड्याचंच आण. आणि गाडीत खिडकीच्या उन्हात ठेवू नकोस."