आम्हांला साक्षीपुरते बोलावू नका



या संमेलनाच्या अध्यक्षपदाचा मान दिल्याबद्दल मी संयोजकांची ऋणी आहे. माझ्याहून अधिकारी व्यक्ती या पदासाठी उपलब्ध होत्या, हे प्रत्येक अध्यक्षाने म्हणावयाचे वाक्य मीही म्हणते. याच सोलापुरात १९९० साली पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले आणि प्रा. फकरुद्दीन बेन्नूर यांच्यासारख्यांनी त्या चळवळीसाठी आयुष्य वेचले; त्याच्याही फार आधी ‘गझनफर’ हे पत्र चालविणारे कुर्बान हुसेन हे मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांच्यासह १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फासावर गेले. तेव्हा मुसलमानाने लिहावे आणि छापावे, ही या गावाला अपूर्वाईची गोष्ट नाही. त्याच्या घरातील स्त्रीने लिहावे, ही मात्र अद्यापही अपूर्वाईच मानली जाते.

पत्रिकेवर माझा विषय ‘प्रसारमाध्यमे व सार्वजनिक जीवन यांतील आधुनिक मुस्लिम स्त्री : एक सिंहावलोकन’ असा छापला आहे. सिंहावलोकनास आरंभ करते. सावित्रीबाई फुले यांच्या सहकारी फातिमा शेख यांच्यापासून ते व्हावयास हवे, हे सर्वमान्य आहे. मुंबईत १९२६ साली स्वतःची चित्रपटसंस्था काढून ‘बुलबुल-ए-परिस्तान’ दिग्दर्शित करणाऱ्या फातमा बेगम, त्यांची कन्या व ‘आलम आरा’ची नायिका झुबेदा, मुंबईतच ‘इंप्रिंट’ या इंग्रजी मासिकाचे संपादन करून पुढे ज्ञानपीठापर्यंत पोहोचलेल्या कुर्रतुलऐन हैदर, राज्यसभेचे उपसभापतिपद वर्षानुवर्षे सांभाळणाऱ्या नजमा हेपतुल्ला, अशी ही नामावळी वाढविता येईल. परंतु येथेच मी थांबते. कारण नामावळी वाचून टाळ्या घ्याव्यात आणि मनात साठलेली कैफियत पुन्हा घरी घेऊन जावी, हे मला आता या वयात परवडणारे नाही.

ती कैफियत अशी : मराठी समाजाने, मराठी वृत्तपत्रांनी आणि मराठी साहित्यसंस्थांनी मुस्लिम स्त्रीला आजवर सन्मानाने बोलाविले, पण ते साक्षीदार म्हणून, तिची जबानी घेतली, तिचे अश्रू टिपून घेतले, मात्र पंचांत तिला बसविले नाही, आणि दप्तर तर तिच्या हाती कधी दिलेच नाही.

रझिया पटेल यांचे उदाहरण घ्या. १९८२ साली जळगावात मुस्लिम स्त्रियांनी चित्रपट पाहू नये असे फर्मान निघाले, आणि या तरुणीने त्याविरुद्ध उभे राहून सत्याग्रह मांडला. तो प्रसंग महाराष्ट्राला ठाऊक आहे, आणि ठाऊक असावाच. पुढे त्यांनी मुस्लिम मुलामुलींच्या शिक्षणाचा जो अभ्यास पुण्यात बसून वर्षानुवर्षे केला, त्यावर मात्र किती संपादकांनी त्यांना लेख मागितला? चित्रपटगृहाच्या दारातून त्यांना आपण आत येऊच दिलेले नाही. १८ एप्रिल १९६६ रोजी मुंबईच्या विधानभवनावर सात मुस्लिम स्त्रियांनी तोंडी तलाकाविरुद्ध मोर्चा नेला. तो समाजसुधारक हमीद दलवाईंच्या नावे इतिहासात जमा झाला, त्याचे मला दुःख नाही. त्या थोर माणसाचा तो हक्कच आहे. परंतु त्या सातजणींची नावे या सभागृहात कोणास सांगता येतील, त्यांनी हात वर करावा. दलवाईंच्या पत्नी मेहरुन्निसा यांचे ‘मी भरून पावले आहे’ सर्वांनी वाचले, तेही बहुधा दलवाईंचे घर आतून कसे होते हे पाहण्यासाठी. दलवाई १९७७ साली गेल्यावर मुस्लिम सत्यशोधक मंडळाचा भार या बाईंनीही वाहिला, याची चर्चा मी क्वचितच ऐकली. शिरीन दळवी यांना आपण २०१५ साली ओळखू लागलो, कारण त्यांच्या उर्दू पत्रात एक चित्र छापले गेले, फिर्यादी झाल्या, अटक झाली आणि ‘अवधनामा’ची मुंबई आवृत्ती बंद पडली. एक स्त्री मुंबईत उर्दू दैनिक चालवीत होती, ही वार्ता ते बंद पडल्यावर आपल्यापर्यंत आली! आपल्या बार्शीच्या शाहीर अमर शेखांची कन्या मलिका यांना एखाद्या धर्माच्या रकान्यात बसविणे मला प्रशस्त वाटत नाही; तरीही एवढे बोलते की, त्यांचे आत्मचरित्र ज्यांच्या तोंडी असते त्यांतील फार थोड्यांनी त्यांच्या कविता उघडून पाहिलेल्या असतात.

मी स्वतः सोलापुरातील एका दैनिकात उपसंपादक म्हणून उमेदवारी करीत असताना विडी कामगार स्त्रियांवर एक लेख लिहिला होता. वळलेल्या विड्यांतून कारखानदार ‘छाट’ म्हणून किती विड्या बाजूला काढतो, त्यांची मजुरी देत नाही, आणि भविष्यनिर्वाह निधीची नोंद कशी अर्धवट राहते, एवढाच त्याचा विषय होता. ज्या बायांशी मी बोलले त्या बहुतेक तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली समाजाच्या होत्या; भर रस्त्यावरून डोक्यावर सूप घेऊन त्या कारखान्यात जात. दुसऱ्या दिवशी अंक हाती आला तेव्हा त्या लेखावर मथळा होता ‘पडद्याआडच्या व्यथा’. खाली माझे नाव होते. संपादकांस तेवढा पुरावा पुरेसा वाटला. त्यानंतर दर रमजानात माझ्याकडे शीरखुर्म्यावरील लेखाचा तगादा सुरू झाला, तो निवृत्तीपर्यंत चालला. २२ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तीन विरुद्ध दोन मतांनी एका दमातला तोंडी तिहेरी तलाक रद्द ठरविला, त्या दिवशी माझा दूरध्वनी अखंड वाजत होता. या शहरात चार-चार, पाच-पाच दिवसांनी नळाला पाणी येत असे, उजनी धरणाच्या जलवाहिनीवर मी आयुष्यभर लिहीत आले; त्या प्रश्नावर माझे मत विचारण्यासाठी तो दूरध्वनी कधी वाजला नाही.

कालच्या परिसंवादात दोन वाद रंगले. लेखन मराठीत करावे की उर्दू-दखनीत, हा पहिला. त्यावर एक आठवण सांगते : आमच्या मोहल्ल्यातील एक विधवा शिधापत्रिकेचा अर्ज लिहून घेण्यासाठी अम्मीकडे आली. अम्मीने तो सुंदर उर्दूत लिहिला आणि मामलेदार कचेरीतील कारकुनाने तो न वाचताच परत केला. मग तोच मी शाळकरी मराठीत लिहिला आणि त्यावर बारनिशीचा शिक्का पडला. माझ्यापुरता वाद त्या दिवशी मिटला. ज्यांना दखनीत गावेसे वाटते त्यांनी अवश्य गावे. स्वतंत्र संमेलन हवे कशाला, हा दुसरा. त्यावरही माझा अनुभव सांगते : एका मोठ्या संमेलनात वृत्तपत्रीय लेखनावरील परिसंवादात मला घ्यावे अशी सूचना कोणी केली, तेव्हा तेथे जागा भरल्याचे उत्तर आले आणि ‘अल्पसंख्याक स्त्रीचे प्रश्न’ या परिसंवादात माझे नाव घालण्यात आले. त्या पहिल्या परिसंवादात मला खुर्ची मिळेपर्यंत मी येथे येत राहणार.

हे ऐकून टाळ्या वाजविणाऱ्यांत आपल्या समाजातील पुढाऱ्यांनी आपलेही हात मिसळू नयेत. दहावीच्या गुणवंत मुलींना बक्षिसे वाटावयास ते आम्हांला बोलावितात, आणि संस्थेचा जमाखर्च पाहण्याची वेळ आली की आमची आठवण त्यांना राहत नाही.

मराठीत लिहिणाऱ्या मुस्लिम स्त्रियांच्या लेखनाची एक विश्वसनीय सूची व्हावी, जुन्या अंकांतील लेख जमवावेत, ही कामे मी अध्यक्षा म्हणून सुचविते; पैसा कोठून येईल व माणसे कोण, ते कार्यकारिणीने ठरवावे. पण एक काम मी आजच सांगते. सभा संपल्यावर बाहेर वार्ताहर उभे असतील. येथे बसलेल्या तरुण मुलींना ते तलाकाविषयी विचारतील. उत्तर अवश्य द्या, आणि मग त्यांना थांबवून महापालिकेच्या अंदाजपत्रकावरही तुमचे मत लिहून घ्यावयास लावा.